बसंल, पण वळंल का? रोजच्या गाडीला ड्रॅग टायर निवडताना

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचे पंक्चरवाले मामा बसतात. ड्रॅग रेसचे (उभ्या जागेवरून सुटून सरळ पट्टीत धावायची शर्यत) दोन जुने टायर घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला, गाडीखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "बसंल मालक, पण वळंल का?" चाक चढवलं. सरळ उभ्या गाडीत ते छान दिसत होतं. पण आतून ते शॉकअबला टेकत होतं, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर बाहेरून मडगार्डच्या प्लास्टिकलाही घासायला लागलं. विकणाऱ्यानं "तुमच्या गाडीला आरामात बसतात" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. मी टेप लावून एकदाही मोजलं नव्हतं. ते पैसे गेले ते गेलेच.

मराठवाड्यातली किती तरी पोरं आता पोलो, स्विफ्ट, आय-ट्वेंटी घेऊन ड्रॅगच्या नादाला लागली आहेत. त्यांचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. टायर किती पकडतो हा नंतरचा प्रश्न. आपल्या गाडीत तो मावतो का, वळतो का, वजन पेलतो का, हे आधी बघायचं.

ओढणारं चाक कोणतं?

ड्रॅग टायरबद्दल सापडणारी बहुतेक माहिती अमेरिकेतली आहे. तिथल्या गाड्या मोठ्या इंजिनाच्या आणि मागच्या चाकांवर ओढणाऱ्या. म्हणून सगळे सांगतात, मागं रुंद टायर, पुढं बारीक. आपल्याकडच्या हॅचबॅक आणि छोट्या सेडान जवळपास सगळ्या पुढच्या चाकांवर ओढतात. तो सल्ला जसाच्या तसा उचलून मागं मऊ टायर टाकला, तर काहीच साधत नाही. मऊ टायर ओढणाऱ्या चाकांनाच लागतो, म्हणजे आपल्याला पुढची जोडी हवी.

पुढं ओढणाऱ्या गाडीची अडचणही वेगळी आहे. जोरात सुटताना वजन मागं सरकतं, नाक वर उचललं जातं आणि ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. शिवाय हीच चाकं वळतात. मागच्या चाकाला कमानीत आहे तेवढी जागा सगळी वापरता येते, पुढच्याला वळायलाही जागा सोडावी लागते. मामांचा प्रश्न नेमका इथला होता.

एक काम सांगतो, फार कमी लोक करतात. जवळच्या जिनिंगवर किंवा बाजार समितीत वजनकाटा असतोच. ऐन कापसाच्या दिवसांत जाऊ नका, रांग असते. गाडी पूर्ण चढवून एकदा वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून दुसऱ्यांदा. तुम्ही आत बसलेले असाल अशा स्थितीतच घ्या. काटा पाच-दहा किलो इकडंतिकडं दाखवतो, पण पुढच्या एका टायरवर किती भार येतो याचा अंदाज पक्का मिळतो. अकराशे किलोच्या आसपासच्या हॅचबॅकमध्ये हा आकडा साडेतीनशे किलोजवळ जातो.

आत्ता काय लावलंय ते वाचा

माझ्या पोलोला कंपनीचे टायर होते १८५/६० आर १५, ८४ एच. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८४ हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ५०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत.

पूर्ण व्यास असा काढायचा: १८५ चे ६० टक्के १११. वर-खाली दोन भिंती, म्हणून २२२. त्यात १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर मिळवा. एकूण ६०३. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं आहे.

निव्वळ रेसच्या स्लिक टायरवर आकडे वेगळ्या रीतीनं येतात. २४.५/८.०-१५ असं लिहिलं असेल तर पूर्ण व्यास २४.५ इंच, जमिनीला टेकणारी पट्टी ८ इंच, रिम १५ इंच. २४.५ इंच म्हणजे ६२२ मिलिमीटर, म्हणजे ६०३ वाल्या गाडीत आधीच १९ मिलिमीटर मोठा.

कोणत्या जातीचा टायर?

तीन जाती आहेत. पहिली, मऊ रबराचा पण रस्त्यासाठीच बनवलेला टायर. दुसरी, ड्रॅग रेडियल: आतून रेडियल, रबर फार मऊ, वर नावापुरत्या खाचा. मिकी थॉम्प्सन, हूझियर, निट्टो ही या कामातली जुनी नावं. तिसरी, स्लिक: खाच एकही नाही, बहुधा बायस प्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांना छेदणारे; रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे), भिंत इतकी लवचिक की सुटताना तिला सुरकुत्या पडतात. त्या सुरकुतीमुळे धक्का मुरतो आणि टेकणारी पट्टी लांब होते, म्हणून स्लिक चिकटतो.

नवख्यानं स्लिक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण किंमतीपेक्षा जमिनीचं आहे. अमेरिकेतल्या ड्रॅग पट्टीवर चिकट द्रव फवारून, रबराचा थर चढवून जमीन तयार केलेली असते. आपल्याकडं स्पर्धा बऱ्याचदा विमानाच्या धावपट्टीवर होतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची द व्हॅली रन सगळ्यांना माहीत आहे. अशा जमिनीवर स्लिकचा पूर्ण फायदा मिळत नाही. शिवाय पुढं बायस आणि मागं रेडियल अशी मिसळ केली की वेगात गाडी डगमगते. ती सांभाळायला सवय लागते. शंभर-सव्वाशे हॉर्सपॉवरच्या गाडीला ड्रॅग रेडियल भरपूर झाला. पहिल्या एक-दोन स्पर्धा तर चांगल्या मऊ रोड टायरवरच करा. सुटताना क्लच कसा सोडायचा ते हाताशी-पायाशी बसल्याशिवाय ड्रॅग टायरचा उपयोग कळत नाही.

जागा मोजा

इथं घाई करू नका. एक अख्खा रविवार द्या.

सामान: टेप, पट्टी, जॅक, आधाराला स्टँड, टॉर्च, आणि लेकरांची खेळायची माती किंवा गणपतीची उरलेली शाडू (ती पुढं चाक चढवून तपासताना लागेल). नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लावलाच पाहिजे.

चाक लावलेलं असताना चार जागा मोजा. टायरची आतली भिंत आणि शॉकअबची नळी यांतलं अंतर. टायरचा माथा आणि स्प्रिंगची खालची थाळी यांतलं अंतर, बऱ्याच गाड्यांत सगळ्यात कमी जागा इथंच असते. बाहेरची भिंत आणि मडगार्डची कड. आणि स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवून टायरचा मागचा-पुढचा कोपरा प्लास्टिकच्या अस्तरापासून किती लांब राहतो ते. दोन्ही बाजू मोजा. एकदा ठोकून दुरुस्त झालेल्या गाडीत डावी-उजवी सारखी नसते.

आता हिशेब. टायरवर लिहिलेली रुंदी ठरावीक रिमवर मोजलेली असते. रिम अर्ध्या इंचानं रुंद झाली की टायर साधारण ५ मिलिमीटरनं फुगतो. माझा १८५ चा टायर ६ इंची रिमवर १९० च्या आसपास भरत होता. मी आणलेले टायर २२५ चे होते, ७ इंची रिमवर. म्हणजे ३५ मिलिमीटर जास्त, दोन्ही बाजूंना साडेसतरा. त्यात नव्या रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यापासून तिची गाडीला टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते अंतर) जुन्यापेक्षा ५ मिलिमीटरनं कमी. ऑफसेट कमी झाला की चाक बाहेर सरकतं. म्हणून आत साडेबारा मिलिमीटर आणि बाहेर साडेबावीस मिलिमीटर टायर वाढला. शॉकअबपाशी माझ्याकडं बोटभर जागासुद्धा नव्हती. हा हिशेब घरी बसून दहा मिनिटांत होतो, मी तो पैसे दिल्यावर केला.

तोच हिशेब २०५/५५ आर १५ चा करून बघा. व्यास ६०६, म्हणजे मूळपेक्षा फक्त ३ मिलिमीटर जास्त. मूळ ६ इंची रिमवर तो २०० च्या आसपास बसेल, म्हणजे दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटर. ऑफसेटला हात लावायचा नाही. कंपनीच्याच मापाची दुसरी रिमची जोडी घेतली की काम झालं. नेमकं हे माप ड्रॅग टायरमध्ये दरवेळी मिळत नाही. २०५/५० मिळाला तर व्यास ५८६ होतो, तोही चालण्यासारखा आहे. रुंदीचा हव्यास सोडा. छोट्या गाडीला जास्त रुंद टायर म्हणजे जास्त वजन फिरवणं आणि मऊ रबर तापायला जास्त वेळ.

बैलाला पत्री ठोकणारा माणूस आधी खूर हातात घेऊन बघतो, मग पत्री काढतो. दुसऱ्याच्या बैलाचं माप चालत नाही. "माझ्या मित्राच्या पोलोला बसलं" हे ऐकून टायर घेऊ नका. त्याची गाडी स्प्रिंग कापून खाली केलेली असेल, तुमची नसेल.

व्यास बदलला की गिअर बदलतो

६०३ चा टायर काढून ५८६ चा लावला तर तो पावणेतीन टक्क्यांच्या आसपास लहान झाला. गाडी तेवढी चपळ सुटते, जणू गिअर थोडा आखूड झाला. पण मीटर १०० दाखवील तेव्हा खरा वेग ९७ च असेल, आणि प्रत्येक गिअर लवकर संपेल. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. तुमची गाडी आत्ता ती रेघ तिसऱ्या गिअरच्या शेवटी-शेवटी ओलांडत असेल, तर लहान टायरनं रेघेच्या अलीकडंच चौथा टाकावा लागेल आणि सुटताना मिळवलेलं तिथं जाईल. त्यामुळे आधी तुमच्या गाडीचा शेवट कोणत्या गिअरला, किती आरपीएमवर होतो ते लिहून घ्या, मग व्यास ठरवा.

पुढच्या-मागच्या व्यासात दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक ठेवू नका, एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) गोंधळतं. पुढच्या दोन टायरांत तर फरक नकोच. हवा सारखी भरून दोघांना दोरी गुंडाळा आणि घेर मोजा. जुन्या टायरांच्या जोडीत एक जास्त झिजलेला निघतो आणि गाडी सुटताना एका बाजूला ओढते.

रिमची चार मापं

रिमचा व्यास आणि रुंदी, बोल्टचं वर्तुळ म्हणजे पीसीडी, मधलं भोक आणि ऑफसेट. स्विफ्ट आणि आय-ट्वेंटीला चार बोल्ट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ. पोलोला पाच बोल्ट, वर्तुळ १०० चंच. पोलोचं मधलं भोक ५७.१, स्विफ्टचं ५४.१. रिमचं भोक मोठं असेल तर मध्ये कडं टाकावं लागतं, नाहीतर चाक थरथरतं. लहान असेल तर रिम बसणारच नाही, आणि लेथवर भोक वाढवून घेण्याच्या फंदात पडू नका.

बोल्टबद्दल एक गोष्ट पोलो, व्हेंटो, स्कोडावाल्यांनी नीट वाचावी. कंपनीच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयला शंकूसारखं बूड लागतं. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत आवळला की आवळल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर. तो सुटतो. नव्या रिमला तिचे योग्य बोल्ट घ्या, हातानं किमान आठ पूर्ण फेरे आत जातात का बघा, आणि टॉर्क पान्यानं १२० न्यूटन मीटरवर आवळा. दहा-वीस किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा.

लहान व्यासाची रिम घेणार असाल तर ब्रेकचा कॅलिपर तिच्या पोटात मावला पाहिजे. पुठ्ठ्यावर कॅलिपरचा आकार कापून घेऊन दुकानात जा आणि रिममध्ये धरून बघा. सगळीकडून ३-४ मिलिमीटर मोकळं राहायला हवं.

विकत घेताना

टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मऊ रबर वयानं आणि उन्हानं कडक होतं, खाचा कितीही शिल्लक असोत. नख रुतवून बघा: चांगल्या ड्रॅग टायरात नख सहज रुततं आणि वण क्षणभर राहतो. कडांना बारीक चिरा असतील, भिंतीला फुगा असेल, तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला टायर दोन उन्हाळ्यांत वाया जातो. म्हणून विकणाऱ्याला "कुठं ठेवला होता?" हे विचाराच.

भाराचा आकडा वजनकाट्याच्या आकड्याशी जुळवा. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०. कंपनीनं दिलेल्यापेक्षा खाली जाऊ नका.

नवीन टायर बाहेरून मागवायचा विचार असेल तर जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवाना लागतो, आणि रस्त्यावरच्या गाडीच्या टायरला आयएसआयची खूणही बंधनकारक आहे. "कुरिअरनं मागवून देतो" म्हणणाऱ्याला आधी पैसे देऊ नका. स्पर्धेची नियमावली आधी वाचा. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या परवानगीनं होणाऱ्या स्पर्धांत कोणत्या वर्गाला कोणता टायर चालतो ते लिहिलेलं असतं.

रस्त्यावर हा टायर नको

मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. स्लिक तिथंच बाद. ड्रॅग रेडियलला खाच असते, पण ती पाणी बाहेर फेकायला पुरत नाही. आपल्या रस्त्यावर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतो, गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या वाढं सांडत जातात. अशा जागी पुढची दोन चाकं घसरली तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

समृद्धी महामार्ग किंवा बीड बायपास ही रेसची जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट ही की त्याच रस्त्यानं कुणाची तरी आई बाळंतपणाला निघालेली असते. मला या खेळावर प्रेम आहे, आणि रस्त्यावरच्या एका अपघातानं तो आपल्या भागात कायमचा बदनाम होईल याची मला खरी भीती वाटते.

म्हणून पद्धत अशी ठेवा: स्पर्धेला जाताना रोजचे टायर. ड्रॅगची जोडी वेगळ्या रिमवर चढवून, बॅलन्सिंग करून, मागची सीट पाडून आत ठेवा. पुढं ओढणाऱ्या गाडीचा हा फायदा आहे, दोनच चाकं न्यावी लागतात. जॅक, पाना, टॉर्क पाना आणि हवेचा छोटा पंप सोबत.

चढवून तपासणी

घरी पहिल्यांदा चाक चढवल्यावर शॉकअबवर आणि अस्तरावर जिथं शंका आहे तिथं मातीचे गोळे चिकटवा. चार जण आत बसवा. अगदी हळू, स्टिअरिंग पूर्ण वळवून, गतिरोधकावरून एक चाक चढवत गाडी न्या. दोन्ही दिशांना करा. मग गोळे बघा: जिथं माती दबून ५ मिलिमीटरहून पातळ झाली, तिथं वेगात टायर घासणार. मामांच्या प्रश्नाचं उत्तर ही माती देते.

मडगार्डची कड ठोकून आत वळवणं हा उपाय शेवटचा. शॉकअबपाशी घासत असेल तर पातळ स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून भागवण्यापेक्षा एक माप लहान टायर घ्या.

हवा

ड्रॅग रेडियलला पुढं २२ पीएसआयपासून सुरुवात करा आणि प्रत्येक फेरीनंतर एकेक पीएसआय कमी करत जा. टायर बनवणाऱ्यानं दिलेल्या किमान आकड्याखाली जायचं नाही, टायर रिमवरून निसटू शकतो. मागच्या रोजच्या टायरात नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा ठेवा, भिंतीवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. गाडी हलकी लोळते.

किती कमी करायचं ते जमिनीवरची काळी रेघ सांगते. रेघ दोन्ही कडांना गडद आणि मध्ये फिकी असेल तर हवा कमी आहे. मध्ये गडद असेल तर जास्त. फक्त आतली कड गडद असेल तर हवेचा दोष नाही, चाक आतल्या बाजूला झुकलेलं आहे, अलाइनमेंटवाल्याकडं जा.

आपल्या हवामानात सकाळ-दुपारचा फरक मोठा असतो. परभणीत मे महिन्यात पहाटे भरलेली हवा दुपारपर्यंत तापमान १५ अंशांनी चढलं की २० पीएसआयच्या टायरात पावणेदोन पीएसआयनं वाढते. तेवढ्यानं सगळी मेहनत फिरते. गेज एकच वापरा, आणि प्रत्येक फेरीआधी मोजा.

सुटण्याआधी टायर तापवताना ओल्या जागेतून खाच असलेला टायर नेऊ नका, खाचांत पाणी अडकतं आणि रेघेवर येऊन गळतं. बाजूनं वळसा घालून कोरड्या जागी हँडब्रेक ओढून तीन-चार सेकंद चाक फिरवा, बस.

पकड मिळाली की काय तुटतं

रोजचा टायर घसरतो तेव्हा तो गाडीला वाचवत असतो. इंजिनाचा जोर घसरण्यात निघून जातो. मऊ टायरनं जमीन धरली की तोच जोर क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि जॉइंटवर येतो, आणि त्यातलं जे कच्चं असेल ते आधी तुटतं. टायर घेण्याआधी जॉइंटचे रबरी बूट फाटलेत का, इंजिनाचे माउंट सैल झालेत का, क्लच वरच्या गिअरमध्ये घसरतोय का हे बघून घ्या. सुटताना पुढचं चाक धाडधाड उड्या मारायला लागलं तर लगेच ॲक्सिलरेटर सोडा. तशीच फेरी पूर्ण करायच्या हट्टापायी शाफ्ट तुटलेली गाडी टोइंगवर घरी येताना मी पाहिली आहे.

घरी आल्यावर टायर धुऊन, पूर्ण वाळवून, काळ्या जाड पिशवीत बांधून सावलीत ठेवा. विजेची मोटार किंवा वेल्डिंग मशीन आहे त्या खोलीत ठेवू नका, तिथल्या ओझोननं रबर तडकतं. माझी जोडी धान्याच्या कोठीशेजारी थंड खोलीत आडवी ठेवलेली असते, पिशवीवर तारीख आणि किती फेऱ्या झाल्या ते खडूनं लिहिलेलं.